मुलांना ऑशविट्झला न्यावं का, आणि न्यायचं तर कसं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही कोल्हापूरहून मे महिन्यात युरोपला येताय. आधी बर्लिनमध्ये चार दिवस, मग पोलंडमधल्या क्राकोवमध्ये तीन. सोबत १५ वर्षांची मुलगी, ९ वर्षांचा मुलगा आणि सासरे. शाळेत दुसऱ्या महायुद्धाचा धडा झाल्यापासून मुलीने ऑशविट्झचा, म्हणजे क्राकोवजवळच्या नाझी संहार-छावणीचा, धोशा लावलाय. मिस्टर म्हणतात, एवढे पैसे घालून सुट्टीला जायचं आणि तिथे जाऊन रडायचं कशाला? सासऱ्यांचं मत असं की हिटलर वाईट असेल, पण त्याने देशाला शिस्त लावली. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, "न्यावं की नाही, एवढंच सांगा."

एवढंच सांगायचं तर मुलीला न्या, मुलाला नेऊ नका. पण एवढ्यावर थांबले तर तुमची मुलगी अर्धवट तयारीने तिथे जाईल आणि मुलगा हॉटेलात बसून राहील. तुमच्या घरातल्या चौघांचे चार वेगळे प्रश्न आहेत आणि त्यातले तीन ऑशविट्झच्या फाटकापाशी सुटणारे नाहीत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी बर्लिनमध्ये राहते. शहरातली स्मृतिस्थळं आणि शहराबाहेरचं झाक्सेनहाउझेन छळछावणीचं स्मारक इथे गट घेऊन फिरणं हे बरीच वर्षं माझं काम आहे. ऑशविट्झमध्ये मी गाईड नाही, तिथे संग्रहालयाचे स्वतःचे गाईड असतात. पण तिथे जाऊन आलेली किंवा तिथे निघालेली भारतीय कुटुंबं मला सतत भेटतात, आणि तयारीने गेलेल्यांत आणि तसेच गेलेल्यांत किती फरक पडतो हे मी पाहते.

काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत, त्या मला इथून कळणार नाहीत. मुलगी मनात ठेवून कुढणारी आहे की बोलून मोकळी होणारी? घरात नुकतंच कोणाचं दुखणं किंवा मरण झालंय का? तुम्ही स्वतः तिकिटं काढून फिरताय की टूर कंपनीच्या बसला बांधलेले आहात? मुलगी कुढणारी असेल किंवा घरात नुकतं दुःख झालं असेल, तर ऑशविट्झ पाच वर्षांनी केलं तरी काही बिघडत नाही. ती जागा कुठे जात नाही.

आता मुलाबद्दल. १४ वर्षांखालच्या मुलांना आणू नये अशी शिफारस ऑशविट्झचं संग्रहालय स्वतःच करतं. बंदी नाही, त्यामुळे बरेच आईबाप 'आमचा बाळ समजूतदार आहे' म्हणून आणतात. तिथे काय आहे ते लक्षात घ्या. जुन्या छावणीच्या ४ नंबरच्या इमारतीत काचेमागे बायकांचे कापलेले केस आहेत, ढीगच्या ढीग. पुढे बुटांचा ढीग, त्यात लहान मुलांचे बूट. सुटकेसी, त्यांवर मालकांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली नावं आणि जन्मतारखा, कारण सामान मागाहून परत मिळेल असं त्यांना सांगितलं होतं. गाईडसोबतची फेरी साडेतीन तासांच्या आसपास चालते. नऊ वर्षांच्या मुलाचं तिथे दोनपैकी एक होतं. एक तर तो कंटाळतो, मग त्याला दटावून गप्प करावं लागतं आणि त्या जागेची आठवण म्हणून त्याच्याकडे आईचा राग तेवढा राहतो. नाहीतर त्याला सगळं कळतं आणि मग पुढचे कित्येक दिवस तो झोपेत दचकून उठतो. यातून तो शहाणा होत नाही.

मुलीची गोष्ट वेगळी. ती १५ वर्षांची आहे आणि स्वतःहून मागतेय. तिला अडवू नका. पण थेट ऑशविट्झला नेण्यात एक अडचण आहे आणि माझ्या सगळ्या सांगण्याचा गाभा तोच आहे. ऑशविट्झमध्ये शेवट दिसतो. सुमारे १३ लाख माणसं तिथे आणली गेली, सुमारे ११ लाख मारली गेली, त्यांतले जवळजवळ १० लाख ज्यू होते. बाकीच्यांत पोलिश होते, रोमा म्हणजे युरोपातल्या भटक्या समाजाचे लोक होते, सोव्हिएत युद्धकैदी होते. एवढा मोठा आकडा आणि ते केस पाहिल्यावर कोणतंही मूल एकच निष्कर्ष काढतं, की हे राक्षसांनी केलं. आणि राक्षस आपल्या ओळखीचे नसतात, त्यामुळे तो विषय तिथेच संपतो.

प्रत्यक्षात हिटलर सत्तेवर आला १९३३ च्या जानेवारीत, आणि बर्लिनमधून ज्यूंची पहिली गाडी सुटली १९४१ च्या ऑक्टोबरात. मधली जवळजवळ नऊ वर्षं काय चाललं होतं? तर कचेऱ्या चालल्या होत्या. परिपत्रकं निघत होती, टाइप होत होती, शिक्के बसत होते, फाइली एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात होत्या. १९३३ मध्ये जर्मनीत ज्यू होते सुमारे पाच लाख, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहून कमी. एवढ्याशा लोकांना शेजाऱ्यांपासून सुटं करायला सरकारला इतकी वर्षं आणि एवढे कागद लागले. हे मुलांना दाखवता आलं तर ऑशविट्झ त्यांना कळतं. आणि हे दाखवायची जागा बर्लिन आहे. इथे नऊ वर्षांचं मूलसुद्धा चालतं, आजोबाही चालतात.

म्हणून बर्लिनमधली एक सकाळ तुम्ही सगळ्यांनी मिळून बायरिशेस फीर्टेल या वस्तीत घालवा. त्याच नावाच्या चौकापाशी, बायरिशर प्लात्झला, मेट्रोचं स्टेशन आहे. झाडांच्या सावलीतले शांत रस्ते, बेकरी, दवाखाने, शाळा असा तो भाग आहे. युद्धाआधी इथे डॉक्टर, वकील, प्राध्यापक अशी बरीच ज्यू कुटुंबं राहत होती. अल्बर्ट आइनस्टाइन इथलेच रहिवासी. १९९३ मध्ये रेनाटा श्टी आणि फ्रीडर श्नॉक या दोन कलाकारांनी इथल्या दिव्याच्या खांबांवर ८० पाट्या लावल्या. पाटीच्या एका बाजूला मुलांच्या अंकलिपीत असावं तसं साधं रंगीत चित्र, दुसऱ्या बाजूला त्या काळातला एखादा हुकूम आणि बहुतेक ठिकाणी त्याची तारीख.

मी मुलांना आधी चित्राच्या बाजूला उभं करते. पावाचं चित्र आहे. हे काय असेल? बेकरीची जाहिरात, असं बहुतेक मुलं म्हणतात. मग मागे जाऊन वाचायचं: बर्लिनमधल्या ज्यूंनी खाण्याचे जिन्नस दुपारी ४ ते ५ याच वेळात विकत घ्यावेत, ४ जुलै १९४०. तेव्हा रेशनिंग चालू होतं. चार वाजेपर्यंत दुकानात काय उरत असेल, हे मुलांना समजावून सांगावं लागत नाही. पुढच्या खांबावर पोहण्याची चड्डी: ज्यूंना तरणतलावात मज्जाव, डिसेंबर १९३८. एका खांबावर मांजर: ज्यूंना पाळीव प्राणी ठेवता येणार नाहीत, १९४२. ज्यू डॉक्टरांना व्यवसाय बंद, जुलै १९३८. ज्यूंना गायन मंडळांतून काढलं, ऑगस्ट १९३३. टेलिफोन तोडले, जुलै १९४०. या चौकात ज्यूंनी पिवळ्या खुणेच्या बाकांवरच बसावं, १९३९. आर्य आणि अनार्य मुलांनी एकत्र खेळू नये, १९३८. आणि ऑक्टोबर १९४१: ज्यूंना देश सोडून जायला बंदी.

मांजरापाशी लहान मुलं हमखास थांबतात. मांजराने काय केलं होतं, असा एक प्रश्न मला पुन्हा पुन्हा येतो आणि मी त्याचं उत्तर देत नाही, उलट विचारते. हा हुकूम कोणी टाइप केला असेल? कोणी छापला? अमक्या घरात मांजर आहे हे वर कोणी कळवलं असेल? आणि शेजारच्या बिऱ्हाडातली मुलगी, जी रोज त्या मांजराला दूध घालायची, ती त्या दिवशी काय म्हणाली असेल? तुम्हीही हेच करा. खून, गॅस, प्रेतं यातला एकही शब्द न उच्चारता तुमचा मुलगा या विषयाच्या मुळाशी पोचतो, आणि तेही त्याच्या वयाला झेपेल एवढंच ओझं घेऊन. सगळ्या ८० पाट्या पाहायची गरज नाही, दहा-बारा पुरेत. पाट्या जर्मन भाषेत आहेत, मोबाइलवर भाषांतर होतं.

या पाट्या लागत होत्या तेव्हाही एक गोष्ट घडली. काही रहिवाशांना वाटलं, हे नव-नाझींचंच काम आहे. पोलिसांकडे तक्रारी गेल्या. त्यानंतर प्रत्येक पाटीखाली ही स्मारकाची पाटी असल्याचा खुलासा करणारी छोटी पट्टी लावावी लागली. मला यात त्या पाट्यांचं यश दिसतं. मोठं स्मारक आपण ठरवून, मनाची तयारी करून पाहायला जातो. या पाट्या भाजी आणायला निघालेल्या माणसाला गाठतात.

त्याच रस्त्यांवर खाली फुटपाथवर लक्ष ठेवा. घरांच्या दारांसमोर १० सेंटिमीटर लांबी-रुंदीचे पितळी दगड बसवलेले दिसतील. त्यांना श्टोल्परश्टाईन म्हणतात, अडखळायला लावणारे दगड. गुंटर डेमनिग या कलाकाराने १९९० च्या दशकात हे काम सुरू केलं आणि २०२३ मध्ये युरोपभरातल्या दगडांची संख्या एक लाखावर गेली. एका माणसाला एक दगड. वर लिहिलेलं असतं 'इथे राहत होते', खाली नाव, जन्मवर्ष, कधी नेलं, कुठे मारलं. जगले-वाचलेल्यांचेही दगड असतात, कारण एका घरातली माणसं निदान दगडांच्या रूपाने तरी एकत्र यावीत असा त्यामागे विचार आहे. ९ नोव्हेंबरला, १९३८ मध्ये ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली गेली त्या दिवशी, लोक गुडघ्यांवर बसून आपापल्या गल्लीतले दगड घासून लख्ख करतात. म्युनिक शहर मात्र सार्वजनिक फुटपाथवर असे दगड बसवू देत नाही. तिथल्या ज्यू समाजाच्या प्रमुख शार्लोटे क्नोब्लोख लहानपणी स्वतः लपून वाचलेल्या, आणि मारल्या गेलेल्यांची नावं पुन्हा पायदळी नकोत असं त्यांचं म्हणणं. मला हे दगड मोलाचे वाटतात, पण त्यांच्या म्हणण्याला माझ्याकडे उत्तर नाही. मुलीला दोन्ही बाजू सांगा. स्मरण कसं करावं यावर चांगल्या माणसांतही मतभेद असतात, हे तिला कळू द्या.

इथे एक काम मुलीवर सोपवा. ज्याच्यावर शेवटी 'ऑशविट्झ' लिहिलंय असा एक दगड तिने निवडायचा. नाव, जन्मवर्ष, पत्ता वहीत उतरवून घ्यायचा. रात्री हॉटेलात बसून ते नाव आरोल्झन अर्काइव्ह्जच्या आणि याद वाशेम या इस्रायलमधल्या स्मारक-संस्थेच्या वेबसाइटवर शोधायचं. दोन्ही फुकट आहेत, इंग्रजीत आहेत. आरोल्झनमध्ये नाझींची मूळ कागदपत्रं स्कॅन करून ठेवलेली आहेत. कधी एखादी यादी निघते, कधी एखादं कार्ड, कधी काहीच निघत नाही. या माणसाबद्दल काही उरलेलं नाही, हेही कळणंच आहे. पुढे क्राकोवला जाताना तिच्याबरोबर लाखांचा आकडा नसेल, एक माणूस असेल.

दुसरी जागा ग्रूनेवाल्ड स्टेशन, १७ नंबरचा फलाट. शहराच्या पश्चिमेला लोकलने अर्ध्या तासावर. या फलाटाच्या दोन्ही कडांना ओतीव पोलादाच्या १८६ पट्ट्या आहेत. एका पट्टीला एक गाडी: तारीख, ज्यूंची संख्या, कुठून कुठे. पहिली १८ ऑक्टोबर १९४१, १२५१ ज्यू, बर्लिन ते लोड्झ. शेवटची २७ मार्च १९४५, १८ ज्यू, बर्लिन ते टेरेझियनश्टाट ही नाझी छावणी. त्या दिवशी रशियन फौजा ओडर नदीवर, बर्लिनपासून दोन तासांच्या अंतरावर होत्या. जर्मनी हरलेली होती, शहरावर बॉम्ब पडत होते, आणि तरी कोणीतरी १८ माणसांची यादी केली, डबा मिळवला, त्याच्या कागदावर सही केली. मुलांना फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तारखा वाचत चालू द्या.

मोठ्यांना मी इथे आणखी एक गोष्ट सांगते. रेल्वेने या माणसांचं भाडं आकारलं होतं. तिसऱ्या वर्गाचं, एका बाजूचं, किलोमीटरला ४ फेनिग, म्हणजे जर्मन पैसे. दहा वर्षांखालच्यांना अर्धं, चार वर्षांखालच्यांना फुकट. चारशेच्या वर माणसं असली तर निम्म्या दरात. निघण्याआधी प्रत्येकाला १६ पानी फॉर्म भरावा लागे: घरात खुर्च्या किती, चादरी किती, बँकेत किती. ती माणसं गेल्यावर कर खात्याची माणसं येत, सामानाचा लिलाव होई, आणि ते सामान बोली लावून घेणारे बहुतेक साधे बर्लिनकर असत. मुलीला हे सांगा, मुलाला नको. अर्ध्या तिकिटाच्या वयाचा तो आहे.

वेळ उरला तर मुलीला घेऊन वान्झे तळ्याकाठच्या बंगल्यात जा. २० जानेवारी १९४२ ला तिथे १५ अधिकारी जमले, दीड तास बसले आणि युरोपातल्या ज्यूंच्या संहाराचं काम कोणत्या खात्याने कसं वाटून घ्यायचं ते ठरवून उठले. इतिवृत्तात देशवार यादी आहे, एकूण १ कोटी १० लाख. त्यात इंग्लंड आहे, आयर्लंड आहे, म्हणजे त्यांच्या हाती कधीच न लागलेले देशही. जमलेल्यांपैकी आठ जणांकडे डॉक्टरेट होती. शिक्षणाने माणूस आपोआप सुधारतो असं आपल्या घरांतून गृहीत धरलेलं असतं, म्हणून हे मी भारतीय पाहुण्यांना आवर्जून सांगते.

झाक्सेनहाउझेनचं काय, असं कोणीतरी विचारेलच. क्राकोव रद्द झालं तर मुलीला तिथे न्या. बर्लिनहून ओरानियनबुर्गपर्यंत लोकल जाते, पुढे वीसेक मिनिटं चालत, प्रवेश मोफत. १९३६ ते १९४५ या काळात तिथे दोन लाखांहून अधिक माणसं डांबली गेली. १९४१ च्या शरद ऋतूत दहा हजारांहून जास्त सोव्हिएत युद्धकैद्यांना उंची मोजायच्या बहाण्याने भिंतीशी उभं करून मागून मानेत गोळ्या घातल्या. पण मला ती जागा आणखी एका कारणासाठी महत्त्वाची वाटते. तिथे स्मरणाचाही इतिहास दिसतो. युद्धानंतर त्याच बराकींत सोव्हिएत सैन्याने १९५० पर्यंत स्वतःची छावणी चालवली. ६० हजार माणसं कोंडली, त्यांतली १२ हजार उपासमारीने आणि रोगराईने मेली. पूर्व जर्मनीत यावर अवाक्षर काढता येत नसे. १९६१ मध्ये तिथे जो उंच स्तंभ उभा राहिला, त्यावर लाल त्रिकोण आहेत, म्हणजे राजकीय कैद्यांची खूण. ज्यू, रोमा, समलिंगी कैद्यांना त्यात जागा नव्हती. आणि १९९२ च्या सप्टेंबरात, इस्रायलचे पंतप्रधान राबिन तिथे येऊन गेल्यावर, ज्यूंच्या बराकींना आग लावण्यात आली. आज तिथे संग्रहालय आहे आणि आगीच्या खुणा मुद्दाम ठेवल्या आहेत. स्मारक उभं केलं की काम संपलं, असं ज्यांना वाटतं त्यांना मी त्या भिंतीपाशी घेऊन जाते.

रोमांचीही तीच कथा. त्यांच्यावर झालं तो वंशसंहार होता हे पश्चिम जर्मनीच्या सरकारने मान्य केलं १९८२ मध्ये, आणि बर्लिनमध्ये संसदेजवळ त्यांचं स्मारक झालं २०१२ मध्ये. तोवर वाचलेल्यांतले बहुतेक जण गेलेही होते.

आता सासऱ्यांकडे वळते. त्यांच्यासारखं बोलणारी माणसं माझ्या जवळजवळ प्रत्येक भारतीय गटात असतात, आणि ती दुष्ट नसतात. हिटलरचं आत्मचरित्र आपल्याकडे रेल्वे स्टेशनवरच्या स्टॉलवर मिळतं, इंग्रजांचा शत्रू तो आपला मित्र असा एक जुना समज आहे, आणि मोटाररस्त्यांच्या गोष्टी ऐकलेल्या असतात. मुलांदेखत त्यांना खोटं पाडू नका. वडीलधाऱ्या माणसाचा अपमान झाला की ते मत आणखी घट्ट होतं. दोन गोष्टी शांतपणे सांगा. एक, कलोन ते बॉन हा मोटाररस्ता १९३२ मध्येच खुला झाला, हिटलर यायच्या आधी. बेकारी हटली ती बहुतांशी शस्त्रं बनवून, कर्ज काढून. दुसरी, हिटलर आपला मित्र कधीच नव्हता. हिंदुस्थानावर इंग्रजांचं राज्य त्याला योग्यच वाटे. १९३७ च्या नोव्हेंबरात लॉर्ड हॅलिफॅक्स त्याला भेटले. हे हॅलिफॅक्स म्हणजे पूर्वीचे व्हाइसरॉय आयर्विन, गांधीजींशी करार करणारे. त्यांना हिटलरने सल्ला दिला, की गांधींना गोळी घाला, तेवढ्याने भागलं नाही तर काँग्रेसचे पुढारी मारा. ही गोष्ट ऐकल्यावर आजोबा मंडळी सहसा गप्प होतात.

आणि कोल्हापूरकर आहात म्हणून एक गोष्ट निघण्याआधीच करा. सासऱ्यांना वळिवडेच्या पोलिश कॅम्पबद्दल विचारा. त्यांनी स्वतः पाहिला नसला तरी घरात ऐकलं असेल. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुलं, तिथे राहिले. शहरात महावीर गार्डनमध्ये त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे. सासऱ्यांनी नातवंडांना तिथे न्यावं आणि त्यांनीच सांगावं. पण एक काळजी घ्या, ही गोष्ट ज्यूंच्या संहारात मिसळू नका. १९३९ मध्ये हिटलर आणि स्टालिन यांनी पोलंड वाटून घेतला. वळिवड्याला आलेल्या माणसांना स्टालिनच्या राजवटीने घरांतून उचलून सायबेरिया, कझाकस्तानात टाकलं होतं. पुढे हिटलर रशियावर उलटला तेव्हा त्यांची सुटका झाली आणि ती इराणमार्गे इथवर पोचली. त्यांतले बहुसंख्य कॅथलिक होते. काळ तोच, पण गुन्हेगार वेगळा आणि हेतूही वेगळा. दोन्हींचा नीट फरक करता आला तर मुलीला पोलंड निम्मा कळला समजा. आणि क्राकोवमध्ये 'पोलिश छावणी' असा शब्द चुकूनही वापरू नका. छावणी पोलंडच्या भूमीवर होती, चालवणारे जर्मन नाझी होते. जागतिक वारशाच्या यादीतलं तिचं नावही पोलंडने २००७ मध्ये तसं बदलून घेतलंय.

'आणि आमच्या बंगालच्या दुष्काळाचं काय?' हा प्रश्नही मला येतो. रास्त आहे. १९४३ मध्ये सुमारे तीस लाख माणसं गेली आणि युरोपात त्याची नोंद कमीच. जर्मनीनेसुद्धा नामिबियातल्या हेरेरो आणि नामा लोकांचा १९०४ ते १९०८ मधला संहार २०२१ मध्ये कुठे वंशसंहार म्हणून मान्य केला. हे सगळं मुलीशी जरूर बोला. फक्त काचेमागच्या त्या केसांसमोर उभं राहून नका बोलू. तिथे ते उत्तरादाखल दिलेल्या टोल्यासारखं वाटतं, आणि ज्यांच्या बाजूने बोलताय त्यांचाही त्यात मान राहत नाही.

थोडक्यात, बर्लिनमध्ये सगळे मिळून पाट्या, दगड आणि १७ नंबरचा फलाट. क्राकोवहून मुलगी आणि तुमच्यापैकी एक जण ऑशविट्झला. जमलं तर मिस्टरांनीच जावं असं मी म्हणेन. 'रडायचं कशाला' म्हणणाऱ्या बापाला मुलगी सोबत नेते तेव्हा दोघांनाही त्याचा उपयोग होतो. तुम्ही मुलाला आणि सासऱ्यांना घेऊन वावेलचा किल्ला बघा. सासऱ्यांना ऑशविट्झमध्ये चालणं फार होईल, बिर्केनाऊ या छावणीच्या दुसऱ्या भागाचा परिसर अवाढव्य आहे, खडीचा आहे आणि सावली नाही.

तिकीट संग्रहालयाच्याच वेबसाइटवर, नावानिशी, शक्य तितकं आधी काढा. प्रवेशाला पैसे नाहीत, गाईडला आहेत, आणि गाईड घ्याच. पासपोर्ट जवळ ठेवा, बॅग लहान पर्सएवढीच न्या. क्राकोवपासून साधारण ७० किलोमीटर, बसने दीड तास. जुनी छावणी आणि बिर्केनाऊ यांत तीन किलोमीटरचं अंतर, मधे मोफत बस आहे. केसांच्या दालनात आणि ११ नंबरच्या इमारतीच्या तळघरात फोटो काढायला मनाई आहे. बाकी ठिकाणी चालतो, पण रुळांवर सेल्फी नको, हे मुलीला आधीच सांगा. गळ्यात स्वस्तिकाचं पदक असेल तर ते त्या दिवशी, आणि खरं तर पूर्ण जर्मनीतच, बॅगेत ठेवा. तुमचा अर्थ पवित्र आहे हे समोरच्याला कसं कळणार? आणि गंमत म्हणून हात पुढे करून 'हाइल हिटलर'च्या सलामीचा फोटो जर्मनीत कोणी काढलाच तर तो गुन्हा आहे, पोलीस उचलून नेतात.

एजंट लोक सकाळी ऑशविट्झ आणि दुपारी विएलिच्काची मिठाची खाण अशी एका दिवसाची जोड सहल विकतात. ती घेऊ नका. खाण सुंदर आहे, ती दुसऱ्या दिवशी सगळ्यांसोबत बघा. ऑशविट्झहून परतल्यावर संध्याकाळ मोकळी ठेवा. 'कसं वाटलं?' असं लगेच विचारू नका. काही मुलं गप्प होतात, काही परतीच्या बसमध्ये हसतात-खिदळतात. ताण असा बाहेर पडतो, तेव्हा त्यांना रागावू नका. बोलणं दोन दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी, स्वतःहून निघतं.

आणि वहीतलं ते नाव. ऑशविट्झच्या २७ नंबरच्या इमारतीत नावांचं एक प्रचंड पुस्तक आहे. माणसाच्या उंचीएवढी पानं, चाळीस लाखांहून अधिक नावं, अक्षरक्रमाने. गाईडला फेरी सुरू होतानाच सांगून ठेवा, की मुलीला एक नाव शोधायचंय, म्हणजे तिथे पाच मिनिटं थांबता येईल. नाव जर्मन पद्धतीने, आडनाव आधी असं लिहून न्या, आणि जन्मवर्षही, कारण एकाच नावाची पुष्कळ माणसं निघतात. बर्लिनच्या हॉटेलचा पत्ता ठरला की इथेच कळवा, जवळपासच्या कोणत्या रस्त्यांवर असे दगड आहेत ते मी सांगेन.